हद्दीबाबाचा हत्तीबाबा

मित्रांनो, हातात नारळ असेल तर तो जरा बाजूला ठेवा आणि आधी माझं ऐकून घ्या. मी देव नाही. मी एक जुना हद्दीचा दगड आहे. मधली बरीच वर्षं मी देव होतो हे खरं, आणि ते दिवस काही वाईट नव्हते हेही खरं. पण माझा मूळ धंदा राखणदारीचा. 'इथपर्यंत शेत, इथून पुढे जंगल' एवढंच मला आयुष्यभर सांगायचं होतं, आणि तेही तोंड न उघडता.

आमचं गाव अडाण नदीच्या काठावर आहे. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, नाहीतर उद्या सकाळी दारव्ह्याहून जीप भरून याल. गावाच्या खालच्या अंगाला नदी वळते आणि त्या वळणावर एक खोल डोह आहे. डोहाच्या काठाने कहू म्हणजे अर्जुन, जांभूळ, करंज आणि उंबर यांचा दाट पट्टा चढणीपर्यंत गेलेला आहे. चढण संपली की कपाशीची आणि तुरीची शेतं लागतात. जंगल संपतं आणि शेत सुरू होतं त्या नेमक्या जागी मला उभं करण्यात आलं होतं.

माझा जन्म इंग्रजांच्या काळातला. एका पाथरवटाने मला खडकातून काढलं, चारही अंगांनी घडवलं आणि एका तोंडावर बाणाची खूण आणि तिच्याखाली एकतीस हा आकडा कोरला. टाकीचे घाव बसले तेव्हा मी फार कुरकुर केली होती. आता तो आकडाच माझी ओळख आहे. बैलगाडीतून मला चढणीवर आणलं. खड्डा खणला आणि त्यात आधी टोपलीभर कोळसा ओतला. मी मनात म्हटलं, मला काय भाजून खाणार की काय! पण मोजणीवाल्यांची ती रीतच होती. कोळसा कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. दगड कोणी उपटून नेला तरी खणल्यावर काळा थर लागतो आणि हद्द कुठे होती ते कळतं. त्या कोळशावर मला बसवलं, आजूबाजूला दगड रचले आणि मंडळी पुढच्या दगडाकडे निघून गेली.

माझी उमेदीची वर्षं तिथे गेली. उन्हाळ्यात पाठ भाजायची, थंडीत दहिवर पडायचं. रोही, म्हणजे नीलगाई, पाठ खाजवायला यायच्या, मुंगूस माझ्या डोक्यावर बसून टेहळणी करायचं. शेतातला नांगर माझ्यापाशी आला की वळायचा. लाकडं तोडायला निघालेला माणूस माझ्याकडे बघून जरा घुटमळायचा. कोणी कौतुक केलं नाही, पण कोणी मला ओलांडून शेतही वाढवलं नाही. राखणदाराला आणखी काय हवं असतं?

मग एका पोळ्याच्या आदल्या दिवशी गंमत झाली. शेजारच्या शेताचे मालक किसनराव. त्यांचा लाडका बैल सकाळपासून दिसेना. सण तोंडावर आणि बैलच गायब. त्यांनी सगळं शिवार पालथं घातलं. अखेर तो सापडला माझ्याजवळ, माझ्या कोपऱ्यावर मान घासत निवांत उभा. किसनरावांना इतका आनंद झाला की घरून बैलाच्या शिंगांसाठी आणलेला शेंदूर घेऊन आले आणि त्यांनी मला फासून टाकला. "बाबा, तू माहा बैल राखला," म्हणाले आणि पाया पडले.

मी काही केलं नव्हतं, मित्रांनो. बैलाला खाज सुटली होती, एवढंच. पण शेंदूर लागलेला दगड आपल्याकडे कोण नुसता दगड मानतो? दुसऱ्या दिवशी कोणी फूल ठेवलं, तिसऱ्या दिवशी कोणी दिवा लावला. गावाने मला नाव दिलं हद्दीबाबा.

किसनरावांचा मुलगा म्हणजे रामराव. त्या वेळी त्याला नुकती मिसरूड फुटली होती आणि सगळे त्याला रामू म्हणायचे. एका वैशाखातल्या दुपारी तो, त्याचा मित्र शंकरसिंग आणि आणखी दोघं माझ्यापाशी आले. ऊन असं तापलेलं की माझ्यावरचा शेंदूर पाघळून खाली ओघळत होता. रामूला ते बघवेना. तो म्हणाला, "आपन बसतो झाडाखाली अन् देवाले काहून उन्हात ठेवा बाप्पा?"

त्या पोरांचं मन किती चांगलं होतं बघा. त्यांनी मला उपटलं, दोराने एका लाकडी बल्लीला बांधलं आणि चौघांनी खांदा देऊन चढण उतरवत थेट डोहाच्या काठी, उंबराच्या गार सावलीत नेऊन ठेवलं. गाव त्या वेळी घरात पडलं होतं. कोणी पाहिलं नाही.

संध्याकाळी पाण्याला आलेल्या बायांनी मला उंबराखाली पाहिलं आणि एकच कल्ला झाला. देव उन्हाला कंटाळून आपल्या पायांनी चालत पाण्याकाठी आला! घरोघरी नैवेद्य शिजला. किसनरावांच्या डोळ्यांना धार लागली. आता अशा वेळी चौघांपैकी कोणाची हिंमत होणार खरं सांगायची? उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता ते राहूनच गेलं.

मला विचाराल तर सावली मला आवडली. डोहातल्या मरळी दिसायच्या, खंड्या समोरच्या फांदीवर बसायचा. माझ्या धाकाने त्या काठावरच्या झाडांना कोणी कुऱ्हाड लावली नाही. पण कधी कधी वर चढणीवरच्या त्या काळ्या कोळशाची आठवण यायची. कामावरून न विचारता निघून आलेल्या माणसाला कसं चुकल्याचुकल्यासारखं होतं, तसं व्हायचं.

पुढे रामूचा रामराव झाला, लग्न झालं, इंदूबाई घरात आल्या. त्यांनी माझी सेवा हातात घेतली ती आजतागायत. दरवर्षी चैत्रात त्या अनवाणी यायच्या. 'चालत आलेल्या देवाकडे वहाणा घालून कसं जायचं', असं त्या म्हणायच्या. त्या असं म्हणाल्या की रामराव दुसरीकडे बघून तंबाखू मळायला लागायचे.

शेंदराचे थरावर थर चढले आणि मी गोल गरगरीत झालो. ना कोपरे राहिले, ना आकडा. त्यातच माझं नावही बदललं. हद्दीबाबाचा हत्तीबाबा झाला. कसा झाला ते मला तेव्हा कळलं नाही. एवढं मात्र खरं की तान्ह्या पोळ्याला पोरं आपले लाकडी नंदी मिरवून झाले की नदीच्या मातीचे छोटे हत्ती करून माझ्यापुढे मांडू लागली. मी जन्मात हत्ती पाहिला नव्हता. माझ्यापुढे मात्र हत्तींचा कळपच जमला.

मधल्या काळात हिरासिंग नावाचा वनरक्षक आमच्या भागात आला. शंकरसिंगाच्याच तांड्यावरचा. फार नेमाने हिंडायचा. त्याच्या हद्दीतले सगळे दगड जागेवर होते, फक्त एकतीस नंबरचा गहाळ होता. साहेब त्याला त्यावरून टोचून बोलायचे. बिचारा रोज चढणीवरच्या झुडपांत शोध शोध शोधायचा आणि थकला की डोहावर येऊन माझ्यापुढे हात जोडायचा. "हत्तीबाबा, तेवढा एकतीस नंबर सापडू दे. अकरा नारळ वाहीन." मी त्याच्यासमोर बसलेलो आणि मीच त्याला सापडत नव्हतो! हसावं की रडावं, तुम्हीच सांगा.

आता खरी गोष्ट सुरू होते. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात यवतमाळहून ऋचा नावाची एक मुलगी आली. नदीकाठची जंगलं किती सुरक्षित आहेत, कुठे धोका आहे, याची पाहणी तिच्याकडे होती. हिरासिंग तिला वाट दाखवायचा. ती दोऱ्या लावून जमिनीचे चौकोन आखायची, फितीने झाडांचा घेर मोजायची, आणि मोठ्या झाडांखाली लहान रोपं उगवतात की नाही ते गुडघे टेकून बघायची. माती मुठीत दाबून बघायची. ओल्या काठावर कोणाकोणाच्या पावलांचे ठसे आहेत ते टिपून घ्यायची. आमच्या पट्ट्यात तिला म्हाताऱ्या कहूच्या शेजारी तरणे कहू आणि त्यांच्या पायाशी बोटभर उंचीचे कहू दिसले. "आजी-आजोबा, आई-बाप आणि नातवंडं, सगळे एका घरात!" ती हिरासिंगला म्हणाली. "या नदीवर असं जंगल मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही."

पण तिचा चेहरा लगेच उतरला. नदीतून रेती नेणाऱ्या गाड्यांसाठी डोहापर्यंत रस्ता काढायचं चाललं होतं, आणि तो नेमका या पट्ट्यातून जाणार होता. जुना नकाशा म्हणत होता की पट्टा जंगलाच्या हद्दीत आहे. पण नकाशा ढोबळ होता आणि हद्द दाखवणारा दगड जागेवर नव्हता. रस्तावाले म्हणत होते, दगड नाही तर हद्द कसली? ही तर पडीत जमीन.

"झाडं चांगली आहेत एवढ्यानं जंगल सुरक्षित होत नाही हो," ऋचा म्हणाली. "ते कोणाच्या राखणीत आहे, तेही बघावं लागतं. दगड सापडला नाही तर मला हा पट्टा धोक्यात म्हणूनच लिहावा लागेल."

रस्ता झाला तर काय होईल, ते गावाला वेगळं सांगायला नको होतं. खालच्या गावालाही असाच डोह होता. तिथली काठावरची झाडं गेली, पुढच्या पुरात दरड ढासळली आणि डोह गाळाने भरून सपाट झाला. आता फाल्गुनापासून तिथल्या बाया टँकरची वाट बघत बसतात. आमच्या गावाची पाण्याची विहीर याच डोहाच्या काठी आहे. इंदूबाईंची धाकटी बहीण खालच्या गावात दिलेली, त्यामुळे त्यांनी ते सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं.

एका दुपारी ऋचा आणि हिरासिंग माझ्याजवळ उंबराखाली जेवायला बसले. इंदूबाई दिवा लावायला आल्या होत्या. त्यांनी दोघांना तुरीच्या दाण्यांची भाजी वाढली. ऋचा मातीच्या हत्तींकडे बघत होती.

"आजी, इकडे हत्ती नाहीत. मग याला हत्तीबाबा का म्हणतात?"

इंदूबाई हसल्या. "ते माह्या सासूचं काम हाय बाई. थे बुढी म्हणे हद्दीबाबा. पण तिचे समदे दात पडले व्हते, तोंडातून नुसती हवा जाये. पोट्ट्यायनं आयकलं हत्तीबाबा. मंग तेच चालू झालं."

ऋचाचा घास हातातच राहिला. ती हळूच म्हणाली, "हद्दीबाबा?" हिरासिंगने माझ्याकडे पाहिलं आणि खाणं विसरून तसाच बघत राहिला. माझ्या शेंदराखाली इतक्या वर्षांनी धडधडल्यासारखं झालं.

"आजी, याच्यावरचा थोडासा शेंदूर काढून बघू? एकाच बाजूचा?"

झालं! इंदूबाईंचं हसू मावळलं. "देवाच्या आंगाले चाकू लावतं काय वं पोरी? चालत आलेला देव हाय हा!" आवाज ऐकून विहिरीवरच्या बाया धावत आल्या. ऋचा मुकाट्याने उठली, इंदूबाईंच्या पाया पडली आणि म्हणाली, "चुकले आजी. तुमच्या मनाविरुद्ध मी हात लावणार नाही." मग तिने सगळ्यांना रस्त्याचं आणि हद्दीच्या दगडाचं समजावून सांगितलं. बाया ऐकत होत्या, पण हलल्या नाहीत. देव वरच्या हद्दीवरून आला असेलही, त्या म्हणाल्या, पण आपल्या मर्जीने आला. त्याला दगड कोण म्हणेल? रामराव मागे उभे होते. त्यांची तंबाखू मळून मळून पीठ झाली होती.

त्यानंतर बरेच दिवस ऋचा आली नाही. हिरासिंग यायचा, पण हात न जोडता नुसता बसून जायचा.

मग एका दुपारी रामराव इंदूबाईंना घेऊन आले. वयाने त्यांचे गुडघे धरलेले, तरी ते माझ्यापुढे खालीच बसले.

"इंदे, एक सांगतो. रागावू नको. देव चालत नाही आला. आमीच आणला त्याले. मी, शंकरसिंग अन् अजून दोघं. लय ऊन तपून राह्यलं व्हतं न, म्हणून."

इंदूबाई दिव्याची वात नुसतीच खालीवर करत राहिल्या.

"अन् मले आतापावतर सांगतलं नाही?"

"तू दरसाली अनवाणी ये. तुह्या पायाले फोड येत. मंग तोंडच उघडे ना माहं. थे तिघं बी गेले आता. मी गेलो तं कोणालेच मालूम नाही राहीन, देव कोठून आणला ते."

इंदूबाई उठल्या आणि एकट्याच घरी निघून गेल्या. रामराव अंधार पडेपर्यंत माझ्याजवळ बसून होते. मला त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. पण दगडाला हात कुठून आणायचे?

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदूबाई आल्या त्या अख्खं गाव घेऊन. हातात कोमट तेलाची वाटी होती. हिरासिंगला निरोप गेला होता आणि ऋचालाही बोलावलं होतं. सगळ्यांसमोर रामरावांनी खरं सांगितलं. लोकांत कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, "मंग इतके वर्स आमी पूजा केली ते कोणाची?"

इंदूबाई ताडकन म्हणाल्या, "याचीच! देव चालत नाही आला, चौघाच्या खांद्यावर आला. म्हणून का लहान झाला तो? आपला मारोती बी पालखीत खांद्यावरच फिरते न? आला तसाच जाईन. पण आंधी त्याची खोळ उतरू. लय जड झाली त्याले."

आता हे नीट समजून घ्या. शेंदराचे थर फार जाड झाले की देव ती खोळ टाकतो, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. खोळ मानाने उतरवतात आणि पाण्यात सोडतात. ऋचा चाकूने काढायला निघाली होती तेच काम, पण चाकूने केलं तर अपमान आणि तेल लावून, हात जोडून केलं तर सोहळा. इंदूबाईंनी तेल जिरवलं, बोटांनी कडा सोडवल्या आणि सगळी खोळ एका बाजूने अलगद सुटून आली. ती डोहात सोडायची की काय, असं ऋचा घाबरत विचारणार होती. इंदूबाईंनीच आधी सांगितलं, "डोहात नको. मासोळ्या मरतीन." खोळ गावठाणाच्या कडेला, पाण्यापासून लांब पुरली.

कित्येक वर्षांनी माझ्या अंगाला वारा लागला. माझे कोपरे मोकळे झाले. आणि समोरच्या तोंडावर, पाथरवटाने कोरला होता तसाच, बाण आणि त्याखाली एकतीस.

हिरासिंग मटकन खाली बसला. "अरे बाबा! तूच व्हय का तो? अन् मी तुलेच विचारत व्हतो!" सगळं गाव हसलं. हिरासिंगचे डोळे मात्र ओले झाले होते. अकरा नारळ त्याने नंतर खरंच आणले, आणि पोरांनी ते जागेवर संपवले.

मला पुन्हा बल्लीला बांधलं. इंदूबाई पुढे, वाजंत्री मागे, मी मधे. रामरावांना खांदा देणं झेपणार नव्हतं. ते बल्लीला एक हात लावून सोबत चढले. वर रायमुनियाच्या काटेरी झुडपांचं रान माजलं होतं. रामराव थांबले, नदीकडे पाहिलं, समोरच्या टेकडीकडे पाहिलं, दोन पावलं मागे आले आणि काठी टेकवली. "इथीसा."

ऋचाने स्वतः खणायला सुरुवात केली. आधी लाल माती निघाली, मग विखुरलेले दगड, आणि मग फावड्याला काळं लागलं. तिने चिमूटभर बोटांवर घेऊन सगळ्यांना दाखवलं. कोळसा! माझा कोळसा, तसाच कोरडा, तसाच काळा. मला त्यावर पुन्हा बसवलं. मला रडू येत असतं तर मी रडलो असतो.

ऋचाने नव्याने मोजणी करून घेतली. पट्टा जंगलाच्या हद्दीत आला आणि रस्त्याचं काम थांबलं. तिच्या पाहणीत आमच्या काठापुढे 'सुरक्षित' असं लिहिलं गेलं. डोह भरलेला आहे आणि विहिरीला पाणी आहे. देव असण्यातून मात्र गावाने मला सुटका दिलेली नाही. आकड्याचं तोंड सरकारसाठी कोरं ठेवलं आहे आणि बाकी तीन अंगांना इंदूबाई शेंदूर लावतात. पोरं अजून मातीचे हत्ती आणतात, आणि आता ते माझ्या शेजारच्या तीस आणि बत्तीस नंबरलाही मिळू लागले आहेत. दोघं फार खूश आहेत.

बसवलं त्या दिवशीची एक गोष्ट सांगायची राहिली. सगळे परतायला निघाले तरी रामराव हलेनात. सूर्य डोक्यावर आला होता. माझ्याकडे बघून ते इंदूबाईंना म्हणाले, "पुन्हा उन्हातच ठेवला वं आपन याले."

इंदूबाई म्हणाल्या, "तवा तुमी देव सावलीत नेला. आता सावली देवापाशी आणा."

रामरावांनी माझ्याशेजारी कडुनिंबाचं रोपटं लावलं. ते अजून माझ्या कमरेलाही पोचलेलं नाही. गुडघे दुखत असतानाही रामराव डोहातून पाणी घेऊन रोज चढण चढतात. त्या रोपट्याची सावली माझ्यावर पडेल तेव्हा रामराव ती बघायला नसतील. हे त्यांना ठाऊक आहे आणि मलाही.

म्हणून मित्रांनो, कधी या बाजूला आलात तर मला नारळ नको. तुमच्या गावाच्या कडेला माझ्यासारखा एखादा कोरीव दगड दिसला तर त्याला हलवू नका, अगदी प्रेमानेही नाही. आणि इथे याल तेव्हा येताना डोहातून तांब्याभर पाणी आणा आणि त्या रोपट्याला घाला. मला उन्हाची सवय आहे. रामरावांना मात्र अजूनही वाटतं की मला ऊन लागतं.